आमच्या भेगेचं पॅनेलिंग

मी काही लाकडाचा शौकीन माणूस नाही. आमच्या घरात लाकूड म्हणायचं तर लग्नात आलेलं एक कपाट, दोन पाट आणि एक स्टूल. त्या स्टुलाचा एक पाय मुळातच आखूड आहे. असं असताना लातूरसारख्या गावात, जिथं मे महिन्यात भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसतो, मी हॉलच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकूड ठोकून घ्यायला का निघालो, हे लोकांना अजून कळलेलं नाही. लोकांना वाटलं, रेणुकादास देगलूरकर सिनिअर क्लार्क झाला आणि त्याच्या डोक्यात हवा गेली. हवा कुठली जाते, पंखाच धड फिरत नव्हता. मला फक्त माझी बायको घरात यायला हवी होती.

ती माहेरी गेली होती असं समजू नका. ती अंगणातच होती. भूकंप झाला त्र्याण्णव साली आणि मी सांगतोय ते शहाण्णवचं. भूकंपानंतर सगळं लातूर कित्येक दिवस मैदानात, रस्त्यावर, अंगणात झोपलं. किल्लारीकडच्या लोकांनी जे सोसलं त्याच्यापुढं आमचं काहीच नाही. आमची घरं उभी होती, माणसं धड होती, झोप तेवढी उडाली होती. मग हळूहळू एकेक जण आत गेला. आमची गल्लीही गेली. आमची सौदामिनी मात्र गेली नाही. अंगणात चार पत्रे टाकून शेड केलं होतं, तिथंच ती झोपायची. दिवसभर घरात वावरणार, स्वयंपाक करणार, शाळेच्या वह्या तपासणार, आणि जेवणं झाली की उशी काखेत मारून बाहेर. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या शेडमध्ये टेबलफॅन, आरसा, कॅलेंडर आणि पाण्याचा माठ येऊन बसला होता. पोस्टमनसुद्धा पत्रं तिथंच टाकू लागला.

कारण विचारलं की ती हॉलच्या भिंतीकडं बोट दाखवायची. आतल्या खोलीच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरपी खाली शोकेसपर्यंत आलेली एक भेग होती. ती दिसते तोवर मला तिथं झोप येणार नाही, असं ती म्हणायची आणि विषय संपायचा. मी आत झोपायचो. पुरुषमाणसाला गल्लीत आपण कसे दिसतो याचा विचार करावा लागतो. शिवाय त्या पहाटे मीच हिला गदागदा हलवून उठवलं आणि दंडाला धरून बाहेर काढलं, हे मी ऑफिसात, लग्नकार्यात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा तीन वर्षं सांगत आलो होतो. अहमदपूरपर्यंत ऐकणारा भेटला तर मी ते सविस्तर सांगायचो. असा माणूस पत्र्याखाली झोपला तर बरं दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात शेडमध्ये ओल आली आणि सौदामिनीला जो खोकला धरला तो दिवाळीपर्यंत सुटला नाही. आमची मनस्विनी नांदेडला हॉस्टेलवर होती. तिनं पत्रात लिहिलं, बाबा, यंदा पावसाच्या आत आईला घरात आणा, नाहीतर मी शिक्षण सोडून येते. मुलगी तिच्या आईवर गेलेली आहे, बोलली की करते. म्हणून मी भेगेच्या मागं लागलो.

आधी साधे उपाय केले. भेगेवर मोठं कॅलेंडर लावलं. ते आठ दिवसांत खाली पडलं आणि भिंत हलल्याशिवाय खिळा निघेल कसा, असं सौदामिनीनं विचारलं. सिमेंट भरलं तर सिमेंटलाच नवी भेग पडली, तीही जुनीच्या जोडीनं. त्याच सुमारास माझ्या उदगीरच्या मेहुण्याच्या पोराला अकरावीच्या क्लासला घालायचं म्हणून मी एका क्लासच्या संचालकांच्या केबिनमध्ये बसलो होतो. चारी भिंतींना लाकूड. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, कोपऱ्याकोपऱ्यात गोल नक्षी, वर चकचकीत पॉलिश. पोराचे मार्क किती, ग्रुप कोणता, मला काही ऐकू येईना. भिंतीला लाकूड कशासाठी लावलं, असं मी विचारलं. सरांनी इकडंतिकडं बघितलं, पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "भेगा आहेत हो. पालक बघून परत जातात."

मला रस्ता सापडला. सुतार मात्र सापडेना. जून तोंडावर आलेला आणि महाराष्ट्रभरातून पोरं लातूरला शिकायला येऊन राहिलेली. गावातला प्रत्येक सुतार बेंच करत होता. दुकानात बेंच, दुकानाबाहेर बेंच, नालीवर फळ्या टाकून त्याच्यावर बेंच. मी पॅनेलिंग म्हटलं की सुतार किती मुलांचं म्हणून विचारायचे. शेवटी उदगीरकडचा शरणप्पा नावाचा सुतार तयार झाला. ज्या दिवशी त्याच्या दुकानातली लाइट जाईल आणि मशीन बंद राहील, त्या दिवशी तो आमच्याकडं येणार, असं ठरलं. त्यामुळं दुपारी लाइट गेली की सगळी गल्ली हळहळायची आणि मी एकटा खूश होऊन दारात उभा राहायचो. लोकांनी माझ्याबद्दल काय समज करून घेतला असेल तो असो.

आमचे शेजारी गुरुपादप्पा सर, रिटायर्ड हेडमास्तर, यांना मात्र हे बिलकुल पसंत पडलं नाही. भेग आमच्या भिंतीत असली तरी तिची देखभाल त्यांच्याकडं होती. रोज सकाळी दूध आणायला निघाले की ते आत यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि भेगेचं टोक बघायचे. टोकाशी पेन्सिलीनं बारीक रेघ मारून बाजूला तारीख लिहायचे. तीन वर्षांच्या तारखा भिंतीवर होत्या, अक्षर सुंदर. लाकूड मारलं तर भेगेला हवा लागणार नाही आणि ती आतल्या आत वाढेल, असं त्यांचं मत होतं. भेगेला हवा लागते हे त्यांना कुणी सांगितलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. हेडमास्तरांना प्रश्न विचारायची सवय माझ्या पिढीला नाही. बाकीच्यांनीही हातभार लावला. कुणी म्हणालं सागवानच घ्या, कुणी म्हणालं सागवान वजनदार, भिंत पुढं येईल. एकानं तर भिंतच पाडून टाका म्हणून सुचवलं. तो माझ्या ऑफिसातला असल्यामुळं मला आश्चर्य वाटलं नाही, तिथं तो फायलींचंही असंच करतो.

शरणप्पा आला. भिंतीत लाकडाच्या गट्ट्या ठोकायच्या, त्यांच्यावर पट्ट्यांचा सांगाडा आणि सांगाड्यावर प्लायवूड, असा त्याचा बेत होता. गट्टी ठोकायची म्हणजे आधी भिंतीला भोक पाडायचं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या चार घावांत गुरुपादप्पा सर धावत आले. सौदामिनी शेडमध्ये वह्या तपासत होती, ती उठून गेटच्या बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. सहावी गट्टी ठोकताना भेग एक बोट पुढं सरकली आणि काच तडकली.

ही काच सरकारी होती. भूकंपानंतर एक इंजिनिअरसाहेब येऊन भेगेवर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पट्टी चिकटवून गेले होते. भिंत हलली तर काच तडकेल, न हलली तर शाबूत राहील, अशी ती योजना. काच बघायला पुढं कुणी फिरकलं नाही, पण काच सरकारी आणि मी सरकारी नोकर. शरणप्पा म्हणाला, "गप ऱ्हावा सायेब. नवी काच मी लावतो, कोणाला कळत न्हाई." माझ्यातला सिनिअर क्लार्क जागा झाला आणि मी रीतसर अर्ज घेऊन संबंधित कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही, मला अजून बारा वर्षं नोकरी करायची होती.

तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि काच तडकली असेल तर घर ताबडतोब रिकामं करा, असं सांगितलं. मी म्हटलं, काच हातोड्यानं तडकली. त्यांनी फॉर्म काढून दाखवला. फॉर्मात दोनच रकाने होते, काच शाबूत आणि काच तडकली. हातोड्याला रकाना नव्हता. रकाना नसेल तर काम होत नाही, हे मी स्वतः बावीस वर्षं काउंटरच्या अलीकडून लोकांना सांगत आलो आहे. पलीकडून ते इतकं लागतं हे मला माहीत नव्हतं. मी सहा हेलपाटे घातले. चौथ्या वेळेपासून शिपाई मला ओळखून बसायला खुर्ची देऊ लागला, आणि तीन वर्षांत माझा झालेला पहिला सन्मान म्हणून मी तो स्वीकारला. शेवटी लेखी आदेश मिळाला की नवीन काच बसवण्यात येत आहे, सबब सदर भेग निरीक्षणासाठी कायम खुली ठेवण्यात यावी.

आता भेग झाकायची होती म्हणूनच पॅनेलिंग, आणि सरकार म्हणत होतं ती उघडी ठेवा. मी डोकं धरून बसलो. शरणप्पानं आदेश माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाला, मग त्यात काय, दार ठेवू. भेगेपुरतं दार. साहेब आले की उघडायचं, एरवी कडी. मला त्या माणसाच्या पायाच पडावंसं वाटलं. मात्र आणखी एक घाव भिंतीवर घालायचा नाही, असं मी त्याला बजावून सांगितलं. म्हणून जेवढ्या गट्ट्या आधी बसल्या होत्या तेवढ्यांवरच त्यानं सगळा सांगाडा लटकवला. हे त्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती. जबाबदारी माझी आहे.

पावसाला आठ दिवस राहिले असताना पॅनेलिंग पूर्ण झालं. पॉलिशचा वास गल्लीभर सुटला होता. मी चार पावलं मागं जाऊन बघितलं. दोन वर्षं बेंचशिवाय काही न केलेल्या माणसाचा हात होता तो. भिंतीच्या मधोमध कमरेच्या उंचीवर आडवी पट्टी होती, ती थोडी तिरपी, पुढं उतरती, आणि तिच्या वरच्या कडेला पेन ठेवायची खाच. अशा सहा जणांच्या खाचा सलग. शरणप्पाला विचारलं तर तो स्वतःही चकित झाला. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. दाराला त्यानं देव्हाऱ्याच्या दाराचा नमुना वापरला होता, वर कमान, कमानीत कमळ, पितळेची नाजूक कडी. त्याच्याकडं तेवढाच एक नमुना होता.

दुसऱ्या दिवशी उमरीहून ग्यानोबा नावाचे एक शेतकरी गृहस्थ आले. त्यांच्या मुलीला, राजकन्या तिचं नाव, क्लासला घातलं होतं आणि ते तिच्यासाठी खोली बघत गल्लीत फिरत होते. मी त्यांना पाणी प्यायला आत बोलावलं. त्यांनी चपला दारातच काढल्या, पॅनेलिंगच्या कमानीपुढं उभे राहून हात जोडले, डोळे मिटले आणि पोरीला चांगले मार्क मिळू देत म्हणून तोंडातल्या तोंडात काही म्हटलं. मी थांबवणार तोवर त्यांनी कडी काढली. आत भेग, तिच्यावर सरकारी काच आणि भोवती गुरुपादप्पा सरांच्या तारखा. ते बराच वेळ बघत राहिले. मग भूकंपानंतर आमच्याकडच्या माणसाला जी सवय लागली आहे त्याप्रमाणं त्यांनी बोटाच्या पेरानं लाकडावरूनच भिंत वाजवून बघितली. घर बघायला गेलं की आधी भिंत वाजवायची, भरीव वाजली तर पुढचं बोलणं. आमची भिंत ढोलासारखी वाजली. त्यांनी पाणी न पिताच रामराम केला.

खरी परीक्षा तर पुढं होती. संध्याकाळी शाळेतल्या सुट्टीच्या जादा तासांहून आल्यावर सौदामिनीनं पॅनेलिंग नीट बघितलं. पेनाच्या खाचेवरून बोट फिरवलं. मग तिनंही वाजवून बघितलं. वर वाजवलं, खाली वाजवलं, शोकेसच्या बाजूला वाजवलं. सगळीकडं पोकळ. आधी निदान एकच भेग आहे हे दिसत तरी होतं, आता मागं किती आहेत कुणाला ठाऊक, असं म्हणून ती उशी घेऊन बाहेर गेली. मी त्या सहा खाचांपुढं एकटाच उभा राहिलो. इतकं वाईट मला परीक्षेत नापास झालो तेव्हाही वाटलं नव्हतं. आभाळ भरून येत होतं आणि हिचा खोकला मला आधीच ऐकू यायला लागला होता.

गुरुपादप्पा सरांनी मात्र हार मानली नाही. भेगेला दार ठेवल्यामुळं त्यांचा विरोध पूर्ण मावळला होता. कडी काढून बघण्यात त्यांना जास्तच गोडी वाटू लागली होती. चार माणसं आत येऊन बसली, चहापाणी झालं की वहिनींची भीती मोडेल, असं सांगून त्यांनी रविवारी दुपारी उद्घाटनच ठेवलं. गल्लीतले सात-आठ जण आले. शरणप्पा आला. खोली कुठंच न मिळाल्यामुळं ग्यानोबा पुन्हा आले होते, त्यांनाही सरांनी धरून आणलं. सौदामिनी चहाचा ट्रे घेऊन आत आली, आणि सर उठून भेगेच्या इतिहासावर दोन शब्द बोलायला लागले.

तेवढ्यात पॅनेलिंग वाजायला लागलं. आधी बारीक थरथर, मग खडखड, मग वरून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या एकदम. देव्हाऱ्याची कडी आपोआप निघाली आणि दार उघडं पडलं. पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी शेडमध्ये होतो, हातात कपबशी होती, कपात चहा नव्हता, आणि अंगणात माझ्या आधी बाहेर आलेलं कुणीही नव्हतं. मागंही कुणी नव्हतं.

आत सगळे होते तिथंच होते. सौदामिनी हॉलच्या मधोमध ट्रे घेऊन उभी होती. "बसा, ट्रक आहे," ती त्यांना सांगत होती. "दहा चाकी. बेंच भरून क्लासकडं चाललाय." तीन वर्षं रस्त्याच्या कडेला झोपून तिला प्रत्येक गाडी आवाजावरून ओळखता येत होती. भूकंप कसा वाजतो आणि ट्रक कसा वाजतो हे गल्लीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सगळे हॉलच्या उघड्या दारातून माझ्याकडं बघत होते.

गुरुपादप्पा सर भला माणूस. माझी इज्जत राखायला त्यांनी ग्यानोबांना मोठ्यानं सांगायला सुरुवात केली की हे अनुभवी आहेत, भूकंपाच्या पहाटेही यांनीच वहिनींना हलवून उठवलं, दंडाला धरून बाहेर काढलं. माझेच शब्द, माझ्याच क्रमानं. मी सौदामिनीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती कप मांडत होती, अगदी सावकाश, आणि ही गोष्ट चालू झाली की तीन वर्षं ती अशीच काहीतरी मांडत असते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला माझीच लाज वाटली.

"नाही हो सर," मी शेडमधूनच म्हणालो. "मी हिला उठवलं नव्हतं. मी एकटाच पळालो. गेटपाशी पोचल्यावर मला आठवलं, आपलं लग्न झालंय."

कुणी हसलं नाही. ग्यानोबांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "हाव. आमच्याकडं बी असंच झालं. म्या तर बैल सोडला, मंग बायकू." मग मात्र सगळे हसले, शरणप्पा सर्वांत जास्त, आणि मीही हसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. चहा पिऊन मंडळी नेहमीपेक्षा लवकर उठली. जाताना सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नापास मुलाला मारतात तशी होती, पण प्रेमानं मारली.

सगळे गेल्यावर सौदामिनी कप विसळायला बसली. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"मी तेव्हा जागीच होते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या पायावर पाय देऊन गेलात."

तिनं कप उपडे घातले.

"पळालात त्याचं काही नाही. जीव कुणाला नको असतो? पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही जे सांगत सुटलात ना, ते मला त्या खोलीत पडलं की ऐकू यायचं. भेग काय, भेग तर सगळ्यांच्याच घरात आहे."

चुकलो, एवढंच मी म्हणालो. आणखी बरंच म्हणायचं होतं, पण बाहेर पत्र्यावर टपटप सुरू झाली आणि मला वाळत घातलेले कपडे काढायला धावावं लागलं. परत आलो तोवर तिची गादी, उशी, टेबलफॅन आणि माठ हॉलमध्ये आलेले होते. तिनं दोन्ही अंथरुणं शेजारी शेजारी घातली, लांबून बघितली, आणि माझं ओढून पॅनेलिंगच्या बाजूला सरकवलं.

"बाहेरच्या दाराकडं मी झोपणार," ती म्हणाली. "परत पळायची वेळ आली तर मला ओलांडून जावं लागेल. ओलांडताना हाक मारा."

मी मुकाट्यानं भिंतीकडं जाऊन पडलो. पाच मिनिटांत ती घोरायला लागली.